मूल जिथे आहे तिथून: शाळाबंदीनंतरचं नांदेड आणि लातूर



ही व्याख्यानमाला एका प्राथमिक शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. त्यामुळे आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी फार वेळ घेतला नाही. करोनात शाळा बंद पडल्या, पोरांचं शिकणं थांबलं, पुढे शाळा उघडल्या. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल किती सावरलं, संस्थेच्या हायस्कुलातलं किती सावरलं आणि इंग्रजी शाळेतलं किती, याचा हिशेब आज आपल्यासमोर मांडायचा आहे. नांदेडचे सोळा आणि लातूरचे दहा, अशा सव्वीस तालुक्यांतल्या वर्गांत तो अजून उघडाच आहे. साथ संपली म्हणून तो मिटला असं आपण धरून चाललो, आणि तिथेच आपलं चुकतं आहे असं मला वाटतं.

आधी काळ किती गेला ते पाहू. मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातल्या शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून हळूहळू सुरू झाले, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून. दुसरी लाट आली आणि तेही बंद पडले. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीच्या पुढचे वर्ग पुन्हा उघडले. पहिली ते चौथीच्या मुलांना शाळेचं दार दिसलं १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे ज्या वयात अक्षरओळख पक्की होते, त्या वयाची मुलं वीस महिन्यांहून अधिक काळ शाळेबाहेर होती. जानेवारी २०२२ मध्ये काही आठवडे पुन्हा कुलूप लागलं ते वेगळंच. जून २०२० मध्ये पहिलीत नाव लागलेल्या मुलानं पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. ते थेट दुसरीत, तेही अर्धं वर्ष संपल्यावर, फळ्यासमोर बसलं.

मधल्या काळात काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मोहीम निघाली, दीक्षा ॲपवरून अभ्यासमाला आली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. कितीतरी शिक्षकांनी पारावर, देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली चार-चार पोरं जमवून शिकवलं. त्या शिक्षकांची नोंद कुठल्याही अहवालात नाही. पण ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली, तेव्हा ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली फक्त ८ टक्के. आपल्याकडे कारण शोधायला लांब जावं लागत नाही. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप सकाळीच रानात.

आता शाळांच्या प्रकारांविषयी. जिल्हा परिषदेची शाळा हा पहिला प्रकार, संस्थेची अनुदानित शाळा हा दुसरा. अमेरिकेत हा वाद चार्टर शाळा विरुद्ध नेहमीच्या सरकारी शाळा असा चालतो. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यानं पहिला कायदा केला. पैसा सरकारचा, शाळा चालवणारे स्वतंत्र, आणि दोघांमध्ये लेखी करार. मुलं शिकली नाहीत तर करार रद्द, शाळा बंद. हे वाचताना मला आपल्या अनुदानित संस्था आठवतात. पगार सरकार देतं, शाळा संस्था चालवते. मराठवाड्यात ही परंपरा स्वातंत्र्यलढ्यातून आली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या शाळांत स्वामी रामानंद तीर्थांनी मुख्याध्यापक म्हणून काम केलं. निजामी राजवटीत मराठीतून शिकण्याची सोय जिथे दुर्मीळ होती, तिथे लोकांनी वर्गणी काढून शाळा उभ्या केल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि दोनच वर्षांत नांदेडात पीपल्स कॉलेज सुरू झालं. तालुक्या-तालुक्याला हायस्कुलं निघाली ती याच पिढीच्या हातून. सरकारी पैसा आणि लोकांचं चालकत्व ही जोडी आपण मिनेसोटाच्या कितीतरी आधी पाहिली आहे. फरक एवढाच की आपल्याकडे करारातली दुसरी बाजू कुणी लिहिलीच नाही. वेतन अनुदान मिळतं ते पटावर आणि संचमान्यतेवर, म्हणजे मंजूर शिक्षकसंख्येवर. मुलाला वाचता येतं का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

तिसरा प्रकार स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा, बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या. तिथे पैसा पालकांचा. उदगीर, अहमदपूर, देगलूर, कंधार, कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी सातला उभं राहा, पिवळ्या गाड्या खेड्यापाड्यांतून मुलं भरून आणताना दिसतात.

तर या तिघांत सावरलं कोण?

देशाच्या ग्रामीण भागाचं चित्र ‘असर’च्या पाहणीतून मिळतं. ही पाहणी घरोघरी जाऊन होते, शाळेत नाही, म्हणून तिच्यावर माझा भरवसा जास्त. तिसरीच्या मुलाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो का, हा तिचा साधा प्रश्न. सरकारी शाळांत २०१८ साली असं वाचणारी मुलं २०.९ टक्के होती. २०२२ मध्ये १६.३ झाली. २०२४ मध्ये २३.४. खाजगी शाळांत २०१८ ला ४०.६, २०२२ ला ३३.१, आणि २०२४ ला ३५.५. हे आकडे नीट पाहा. खाजगी शाळा अजूनही वर आहेत, ते खरं आहे. तिथल्या मुलाच्या घरात शिकलेले आईबाप असण्याची शक्यता जास्त, हेही खरं आहे. पण घसरणीतून वर येण्याचा प्रश्न घेतला तर सरकारी शाळा साथीच्या आधीच्या जागेच्याही पुढे गेल्या आणि खाजगी शाळा अजून तिथवर पोचल्या नाहीत. वजाबाकीचंही तसंच. हातच्याची वजाबाकी करणारी सरकारी शाळांतली तिसरीची मुलं २०.९ वरून २०.२ आणि तिथून २७.६ टक्क्यांवर गेली.

इथे एक शंका कुणीही घ्यावी. साथीत लोकांचे रोजगार गेले, फी भरवेना, म्हणून पोरं सरकारी शाळेत आली. देशभरात सरकारी शाळांतला वाटा ६५.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७२.९ वर गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आला. मग वाढ-घट ही शिकवण्याची की मुलांच्या ये-जा करण्याची? मी यावर बराच विचार केला आहे. फी भरणाऱ्या घरांतली मुलं २०२२ मध्ये सरकारी शाळेत आली, तर सरासरी वर जायला हवी होती. ती खाली गेली. तीच मुलं परत गेल्यावर सरासरी खाली यायला हवी होती. ती वर गेली. म्हणजे मुलांच्या ये-जा करण्यानं ही सुधारणा फुगलेली नाही, उलट थोडी झाकलीच गेली असावी. जिल्हा परिषदेच्या शाळांविषयी आपण तालुक्याच्या चौकात जे बोलतो, त्याच्याशी हे जुळत नाही. म्हणून ते मुद्दाम सांगतो.

पण आकड्यानं शाळा कळत नाही. मुखेड तालुक्यात एका तांड्यावर दोनशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी. घरी पोरं गोरमाटी बोलतात, पुस्तक मराठी. खिचडी झाल्यावर तिथले गुरुजी तासभर इयत्ता बाजूला ठेवतात. ज्याला अक्षर ओळखता येत नाही ते एका कोपऱ्यात, शब्द वाचणारी दुसरीकडे, उतारा वाचणारी ओट्यावर. त्यात चौथीचा दांडगा पोरगा पहिलीतल्या बहिणीच्या गटात बसलेला असतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी गेलो त्या दिवशी वजाबाकी चालली होती. बावन्नातून सत्तावीस. पाटीवर सहा-सात पोरांनी लिहिलं पस्तीस. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन काढले, तीन. गुरुजींनी चूक म्हटलं नाही. तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या एका मुलीसमोर ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘आता ह्यातल्या सत्तावीस मला दे.’’ तिनं दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या, आणि थांबली. पाच काड्या कमी पडत होत्या. मग तिनं स्वतःच्या हातानं एका गठ्ठ्याचं रबर काढलं. उरलेल्या काड्या मोजल्या, पंचवीस. पाटीवरचं पस्तीस तिनं कुणी न सांगता पुसलं.

दशक सोडवणं तिला त्या क्षणी कळलं. त्याच शाळेत आयांचा एक गट आहे. राज्यानं ‘प्रथम’ संस्थेच्या साथीनं २०२२ च्या उन्हाळ्यात शाळापूर्व तयारीचे मेळावे घेतले, त्यातून हे माता पालक गट गावोगावी निघाले. काही ठिकाणी ते कागदावर राहिले, इथे टिकले. त्यातली एक आई मला म्हणाली, ‘‘सर, मला वाचाया येत नाही, पण लेक अडकली की कळतंय की. अडकली की मी म्हणते, पुन्हा वाच.’’

हे मी कौतुकासाठी सांगत नाही. यामागं एक कारण आहे. २००५ मध्ये पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये मोठा भूकंप झाला. तिथल्या मुलांचा चार वर्षांनी अभ्यास केला गेला. शाळा बंद होत्या साधारण साडेतीन महिने, पण चार वर्षांनी भूकंपाच्या पट्ट्यातली मुलं दीड वर्षानं मागे होती. म्हणजे बहुतेक तोटा शाळा उघडल्यानंतर झाला. शिक्षकांनी इयत्तेचं पुस्तक जिथे होतं तिथून सुरू केलं असावं, आणि ज्याचा पाया हलला होता ते मूल रोज थोडं-थोडं मागे पडत गेलं असावं. आणि ज्या घरात आई प्राथमिक शिकलेली होती, त्या घरातल्या मुलांचा हा तोटा भरून निघालेला दिसला. लातूरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या सभागृहातल्या अनेकांनी पाहिली आहे. किल्लारी पट्ट्यातली घरं आपण मोजली, माणसं मोजली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं पुण्याजवळ वाघोलीला नेली, शिकवली. उरलेल्यांची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरली आणि पुस्तक चालू झालं. त्यांचं किती राहून गेलं हे तेव्हा कुणी विचारलं नाही. करोनानंतर तरी विचारायला हवं होतं.

सरकारनं विचारलं, पण अर्धवट. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आणला, पुढच्या वर्षी तीस दिवसांचा. सेतू होता मागच्या इयत्तेचा. तिसरीतल्या मुलाला दुसरीची उजळणी. पण त्या मुलाचं दुसरीचंच नव्हे, पहिलीचंही राहिलं होतं! पूल बांधला तो नदीच्या मधोमध सुरू होणारा. तीस-पंचेचाळीस दिवस झाले, चाचणी झाली, पुस्तक सुरू झालं.

मग निपुण भारत आलं, जुलै २०२१ मध्ये. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, साधे हिशेब यावेत, मुदत २०२६-२७. योजना चांगली आहे आणि तिच्यामुळे लहान वर्गांत खरोखर काम झालं, असं मी जबाबदारीनं म्हणतो. ‘असर’च्या आकड्यांतली वाढ त्यातूनच आलेली असावी. पण तिच्यात कोण बसतं आणि कोण बसत नाही ते पाहा. साथीत पहिलीत असलेलं मूल तिसरीतून गेलं २०२२-२३ मध्ये, योजना गावात पोचत होती तेव्हाच. मार्च २०२५ मध्ये राज्यानं निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम काढला, दुसरी ते पाचवीसाठी. तेव्हा ते मूल पाचवीत, शेवटच्या दोन महिन्यांत त्याला सापडलं. आणि साथीत जे दुसरीत, तिसरीत होते ते तोवर सहावी-सातवीत गेले होते. त्यांच्या डोक्यावरून सगळ्या योजना निघून गेल्या. सगळ्यात जास्त नुकसान ज्यांचं झालं, त्यांच्यासाठीच नाव घेऊन काही केलं गेलं नाही.

ही मुलं आज कुठे आहेत? जिल्हा परिषदेची शाळा गावात बहुधा चौथी, पाचवी किंवा सातवीपर्यंत. पुढे संस्थेचं हायस्कूल. म्हणजे तोटा एका व्यवस्थापनात झाला आणि तो पोतडीसह दुसऱ्याकडे गेला. हायस्कूलचे शिक्षक म्हणतात, हे खालून कच्चं आलंय. प्राथमिकचे म्हणतात, आमच्याकडून गेलं, आता ते आमचं नाही.

लोहा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात सातवीच्या वर्गात मी एका मुलीची वही हातात घेतली. अक्षर इतकं सुंदर, की मी दोन पानं नुसती पाहत राहिलो. तारीख, वार, शीर्षकाखाली दोन रेघा, समास आखलेला. विज्ञानाचं पूर्ण उत्तर उतरवलेलं. मी म्हटलं, ‘‘बाई, ह्यातली पहिली ओळ मला वाचून दाखव.’’ तिनं बोट ठेवलं, ‘प्र’पाशी थांबली. मग ‘का’ म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. दुसरीच्या पुस्तकातला उतारा दिला तर जोडाक्षर आलं की अडायची, वेलांटी पहिली की दुसरी याचा पत्ता नव्हता. साथीत ती दुसरीत होती. घरी कुणी वाचून दाखवणारं नव्हतं, पण आईनं फळ्यावरचं उतरवून घ्यायचं वळण मोडू दिलं नाही. पाच वर्षं तिनं चित्र काढावं तशी अक्षरं काढली होती. वह्या तपासल्या जात होत्या, बरोबरच्या खुणा होत्या, ‘छान’ लिहिलेलं होतं. तिच्या शिक्षकांना मी दोष देऊ शकत नाही. वर्गात साठावर मुलं, शिक्षकांपैकी एक वीस टक्के अनुदानावरून पुढच्या टप्प्याची वाट पाहणारे, दुसऱ्यांकडे मतदार याद्यांचं काम, तिसऱ्यांचा दिवस पोर्टलवर आधार जोडण्यात जातो. सातवीच्या शिक्षकाला जोडाक्षर कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण कधी मिळालेलंच नाही. ते प्राथमिकच्या शिक्षकाचं कसब आहे.

२०२३ मध्ये ‘असर’नं चौदा ते अठरा वयाच्या मुलांची वेगळी पाहणी केली. महाराष्ट्रातून त्यासाठी घेतलेला जिल्हा नांदेड होता. देशभराचा निष्कर्ष असा की या वयाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचता येत नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येणारी मुलं ४३.३ टक्केच. ही मुलं दहावीच्या उंबऱ्यावर होती किंवा तो ओलांडून गेलेली होती.

तो उंबरा आपण कसा ओलांडतो? २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, अंतर्गत गुणांवर निकाल लागला ९९.९५ टक्के. परीक्षा परत सुरू झाल्यावरही निकाल नव्वदीच्या पुढेच राहिले. आणि इथे लातूरचं वैशिष्ट्य पाहा. दहावीत शंभर टक्के गुण मिळवणारी राज्यात २०२५ साली २११ मुलं होती, त्यातली ११३ लातूर विभागातली, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतली. २०२४ ला १८७ पैकी १२३ आपली, २०२३ ला १५१ पैकी १०८. महाराष्ट्राच्या कोपऱ्यातल्या तीन जिल्ह्यांनी हे करून दाखवावं ही अभिमानाचीच गोष्ट आहे. लातूरच्या शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या ‘लातूर पॅटर्न’नं घातलेला हा पाया आहे, आणि शेतमजुराची मुलं त्यावर उभी राहून डॉक्टर झालेली मी पाहिली आहेत. पण त्याच २०२५ साली बारावीचा सगळ्यात कमी निकाल लागलेला विभागही लातूरच होता, ८९.४६ टक्के. दहावीतही विभागाचा निकाल ९२.७७, राज्याच्या ९४.१० पेक्षा खाली. माथ्यावर आपण राज्यात पहिले आणि पायथ्याशी शेवटचे. साथीनंतर वरच्या मुलांना सावरायला क्लास होते, नोट्स होत्या, सराव चाचण्या होत्या, बापाची जमीन गहाण टाकून भरलेली फी होती. खालच्या मुलाला काय होतं? लातूर पॅटर्ननं जी शिस्त अकरावी-बारावीला लावली, तिचा दहावा हिस्सा जरी सातवीतल्या न वाचणाऱ्या मुलाच्या वाट्याला आला असता, तर आज हे व्याख्यान द्यावं लागलं नसतं.

इंग्रजी शाळांविषयी थोडं. त्या शाळांना नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. साथीत तिथल्या शिक्षकांना अर्धे पगार मिळाले, कित्येकांना तेही नाही; काहींनी भाजीच्या गाड्या लावल्या. पालकही लेकराचं भलं व्हावं म्हणूनच तिथे पाठवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. २०२३-२४ पासून राज्यानं तिसरी ते आठवीच्या मुलांची नियतकालिक चाचणी सुरू केली, ती सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी. स्वयंअर्थसहाय्यित शाळांतलं मूल त्या मोजणीत आलंच नाही. तिथे पालकाच्या हातात पडतं ते प्रगतिपुस्तक, आणि त्यात अ श्रेणी असते. घरी कुणाला इंग्रजी येत नाही, मग पोराला पुस्तक वाचता येतंय की पाठ येतंय हे कळणार कसं? साथीत ज्युनिअर-सीनिअर केजी हुकलेलं मूल पहिलीत इंग्रजी पुस्तकासमोर बसलं आणि मराठीही कच्ची राहिली. देशाच्या आकड्यांत खाजगी शाळा अजून मागच्या जागेवर आल्या नाहीत, याचं हे एक कारण असावं असं मला वाटतं. ज्याची मोजणी नाही, त्याच्यावर उपचारही होत नाहीत.

अमेरिकेनं या सगळ्यासाठी शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. तरी आठवीचे गणिताचे राष्ट्रीय गुण २०१९ ते २०२२ मध्ये आठ अंकांनी पडले ते २०२४ मध्येही तिथेच होते. चार्टर काय, सरकारी काय, घसरण दोन्हीकडे झाली. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी तिथल्या शालेय जिल्ह्यांचे हिशेब मांडले, तेव्हा सगळ्यात श्रीमंत दहाव्या हिश्श्यातले जिल्हे गणित-वाचन दोन्हीत सावरण्याची शक्यता सगळ्यात गरीब जिल्ह्यांच्या जवळजवळ चौपट निघाली. शाळा कुणाची, यापेक्षा मूल कुणाचं, यावर तिथेही ठरलं.

पण ते तसंच ठरायला हवं असं नाही. तमिळनाडूत शाळा उघडल्यावर ग्रामीण भागातल्या सुमारे एकोणीस हजार मुलांचा अभ्यास झाला. सहा महिन्यांत तोट्याचे दोन तृतीयांश भरून निघाले, आणि त्या भरपाईचा साधारण चौथा हिस्सा एकाच कार्यक्रमाचा होता: ‘इल्लम तेडि कल्वी’. गावातल्याच शिकलेल्या मुली-बायांनी संध्याकाळी तास-दीड तास मुलांना घराजवळ शिकवायचं, सरकारनं मानधन द्यायचं. आणि गरीब घरांतली मुलं त्यात जास्त वेगानं सावरली. हे आपल्याला का जमू नये? मुखेडच्या, जळकोटच्या, किनवटच्या प्रत्येक गावात बारावी झालेल्या, घरी बसलेल्या मुली आहेत.

आपल्याकडे याची गरज तमिळनाडूपेक्षा जास्त आहे, कारण आपली शाळाबंदी करोनाबरोबर संपलेली नाही. दसरा-दिवाळी झाली की कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, अहमदपूरच्या तांड्या-वाड्यांवरून टोळ्या ऊसतोडीला निघतात. पोरं बरोबर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे. पण वसतिगृहाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत टोळी कारखान्यावर पोचलेली असते. करोनानं राज्यातल्या लहान मुलांना वीस महिने जे भोगायला लावलं, ते ही मुलं दर वर्षी पाच महिने भोगतात.

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. व्यवस्थापन कुठलंही असो, जिल्हा परिषद, संस्था किंवा इंग्रजी शाळा, सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाचं वाचन आणि वजाबाकी-भागाकार समोर बसवून तपासा. न येणाऱ्या मुलांसाठी रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवा. त्या तासाला प्राथमिक शाळेतला अनुभवी शिक्षक हायस्कुलात जाऊ द्या. केंद्रप्रमुखांनी मनावर घेतलं तर, मला वाटतं, याला नवा शासन निर्णय लागत नाही. संस्थाचालकांना माझी वेगळी विनंती आहे. आपल्या संस्थांच्या भिंतीवर ज्या स्वातंत्र्यसैनिकांचे फोटो आहेत, त्यांनी शाळा काढल्या त्या न शिकलेल्यांसाठी. दहावीच्या निकालाचा फलक आपण चौकात लावता, त्याच्या शेजारी सातवीतली किती मुलं सलग वाचतात हाही आकडा लावा. आणि शिक्षकांच्या मागची याद्यांची, पोर्टलची, गणनेची कामं काढून घ्या. प्रत्येक सरकार हे कबूल करतं आणि प्रत्येक सरकार नवं काम देतं.

जून २०२० मध्ये ज्यांचं पहिलीत नाव लागलं, ती मुलं या वर्षी सहावीत आहेत. दहावीची परीक्षा ती २०३० मध्ये देतील. आजपासून चार वर्षं हातात आहेत. येत्या आठवड्यात आपल्या गावच्या, गल्लीतल्या शाळेत जा. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, सहावीच्या वर्गात दुसरीचं मराठीचं पुस्तक घेऊन बसा, आणि एकेका मुलाला जवळ घेऊन एक उतारा वाचायला सांगा. किती मुलांनी वाचला तो आकडा शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत इतिवृत्तात लिहायला लावा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा जा.